डाव्या सोंडेवरचं थडगं

मला एक वाईट खोड आहे. माणूस भेटला की पाच मिनिटांच्या आत मी त्याला मूळ गाव विचारते. राहता कुठे हे नव्हे, पासपोर्ट कुठला हे तर नव्हेच, मूळ गाव. दोहात हा प्रश्न कुणाला नीट कळत नाही. इंडिया, फिलिपिन्स, जॉर्डन अशी उत्तरं येतात आणि माझं समाधान होत नाही. मुलगी तर लाजेने अर्धी होते. "आई, व्हाय डू यू आस्क एव्हरीबडी धिस?" असं ती लिफ्टमध्ये दबक्या आवाजात विचारते. फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या इमारतीत आता एकही मजला असा उरलेला नाही, जिथल्या माणसांचं गाव मला ठाऊक नाही.

आमच्या ऑफिसात ड्रेनेज डिझाइनला एक कोरियन साहेब आले, तेव्हा त्यांनाही मी पहिल्याच दिवशी चहाच्या मशीनपाशी गाठलं. साठीला टेकलेले, अर्धं आयुष्य आखातात काढलेले, इंग्रजीत मधूनच "यल्ला" आणि "खलास" म्हणणारे. मी विचारलं, "गाव कुठलं तुमचं? म्हणजे अगदी मूळ?" त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कागद आहे का?" माझ्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी कागद मागणारा हा पहिलाच माणूस. मी तिथेच त्यांच्यावर खूश झाले.

मी सर्व्हे विभागात नकाशे करते. कतारचे नकाशे करणं म्हणजे काय असतं, ते सांगते. इथली जमीन इतकी सपाट की अर्ध्या अर्ध्या मीटरवर उंचीची रेघ मारावी लागते, नाहीतर कागद कोराच राहतो. अल थुमामाच्या एका रस्त्यावर पावसाचं पाणी कुठल्या बाजूला वाहील, यावर साहेब आणि मी आठवडाभर भांडलो होतो. चढ होता सगळा मिळून वीतभर. अशा ठिकाणी साहेबांनी कागदावर एकामागे एक डोंगर काढायला घेतले, तेव्हा मला जेवण सुचेना.

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर डबा घेऊन बसू लागले. माझी पोळी-भाजी, त्यांचा भात आणि आंबवलेला कोबी, आणि मध्ये त्यांचा 'गुन'. गुन म्हणजे आपला तालुका समजा, जिल्ह्याहून लहान. बहुतेक सगळा डोंगरच. डोंगरांच्या बेचक्यातून एक नदी वाट काढत जाते आणि ती जिथे जरा रुंदावते, तिथे तालुक्याचं गाव. बाकी पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, मिरच्या, तंबाखू. शरदात रस्त्याच्या कडेला लाल मिरच्या वाळत पडलेल्या असतात, आणि गाड्या कुरकुर न करता उरलेल्या रस्त्यातून जातात.

बाजार दर पाच दिवसांनी. तारखेच्या शेवटी दोन किंवा सात आला की बाजार. मी लगेच विचारलं, "मग एकतीस दिवसांच्या महिन्यात काय करता? सत्तावीसनंतर दोन तारखेपर्यंत सहा दिवस होतात." साहेबांनी भाताचा चमचा डब्यात ठेवला. "हे आजवर कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. पुढच्या दिवशी त्यांनी येऊन सांगितलं की गावी राहणाऱ्या वहिनीला फोन करून विचारलं, आणि वहिनी म्हणाली, त्या वेळी लोक एक दिवस जास्त थांबतात. मला हे उत्तर फार आवडलं.

भूगोल संपला तसा इतिहास सुरू झाला. तालुक्याच्या उत्तरेला एक खिंड आहे. जुन्या काळी राजधानीत सरकारी परीक्षेला जाणारे विद्वान ती चालत ओलांडायचे, आणि नापास होऊन त्याच वाटेने परत यायचे. खिंडीतल्या खाणावळी म्हणे परत येणाऱ्यांवरच चालायच्या. मग जपान्यांचं राज्य आलं. त्यांच्या मोजणीदारांनी साखळ्या घेऊन डोंगरन् डोंगर मोजला आणि प्रत्येक तुकड्याला नंबर दिला. डोंगराच्या जमिनीच्या नंबराआधी 'सान' लिहायचं, सान म्हणजे डोंगर. ही पद्धत अजून चालू आहे. आपल्याकडे इंग्रजांनी हेच केलं, असं मी म्हटलं आणि आम्ही दोघांनी परकीय मोजणीदारांच्या कामाची, थोडं चोरटेपणाने का होईना, तारीफ केली. मग युद्ध. गाव एकदा या बाजूच्या हातात, एकदा त्या बाजूच्या. युद्धानंतर सरपणासाठी लोकांनी डोंगर असे बोडके केले की पावसात माती खाली घरात यायची. साहेब शाळेत असताना सगळ्या वर्गाला वर्षातून एकदा डोंगरावर नेऊन पाइनची रोपं लावायला लावायचे. आता डोंगर हिरवेगार आहेत आणि शाळा बंद पडली आहे, कारण पोरंच नाहीत. तालुक्याच्या बसमध्ये साहेब चढले तर सगळ्यात तरुण प्रवासी तेच असतात.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस साहेब डबा न आणता आले. चेहरा पडलेला. फोन माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुम्ही नकाशे वाचता. हे वाचा."

वहिनींनी दोन फोटो पाठवले होते. पहिला तालुक्याच्या कचेरीच्या नोटिशीचा. खिंडीतला रस्ता रुंद होणार, त्यासाठी त्यांच्या गावामागचा डोंगर कापणार. डोंगरावर जुनी थडगी आहेत. कचेरीने प्रत्येकाजवळ खुंटी ठोकून नंबर दिलाय. ज्यांची असतील त्यांनी महिनाअखेरीपर्यंत नंबर कळवून नातं सांगावं आणि थडगं हलवावं. जी कुणी सांगणार नाही ती बेवारस. ती कचेरी उघडणार, अस्थी जाळणार आणि नंबर लावलेल्या डब्यात एकत्र ठेवणार. सोबत नकाशा, त्यावर ठिपके आणि आकडे.

त्या डोंगरावर साहेबांची आई होती.

ती गेली तेव्हा साहेब आखातातच कुठल्याशा साइटवर होते. फोन आला, तिकीट मिळालं, तीन विमानं बदलून गावी पोचेपर्यंत आईला माती देऊन झाली होती. थोरल्या भावाने नंतर त्यांना एकदा डोंगरावर नेलं. "मी दादाच्या पाठीकडे बघत चाललो," साहेब म्हणाले. "वाट बघितलीच नाही. दादा पुढे असताना वाट कशाला बघायची?" त्यांच्याकडे शरदातल्या पौर्णिमेला मोठा सण असतो, आपला पितृपंधरवडा येतो त्याच्या आसपास. त्याआधी घरातल्या पुरुषांनी डोंगरावर जाऊन पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायचं. साहेबांच्या वाटणीचं गवतही दरवर्षी दादाच कापत असे. दोन वर्षांपूर्वी दादा गेला. वहिनी गुडघ्यांमुळे कधी डोंगर चढलीच नव्हती. वाट माहीत असलेला शेवटचा माणूस गेला, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसरा फोटो दादाच्या वहीतल्या पानाचा. साहेबांनी शब्द न् शब्द सांगितला: मोठ्या थडग्यापासून डावी सोंड. वरून तिसरा टप्पा. समोर पाणी.

एवढंच. पण माझ्यासारखीला एवढं भरपूर होतं. मी लॅपटॉपवर उपग्रहाचं चित्र उघडलं आणि त्यावर कचेरीचा नकाशा बसवला. गावामागे, उत्तरेला, डोंगर. मध्यावर खानदानाच्या मूळ पुरुषाचं मोठं थडगं, तिथून हात पसरल्यासारख्या खाली उतरलेल्या दोन सोंडा. कोरियन थडगं म्हणजे गवताने झाकलेला मातीचा गोल उंचवटा. आजूबाजूचं रान साफ ठेवलेलं असेल तर आकाशातूनसुद्धा दिसतो. मी डाव्या, म्हणजे पश्चिमेकडच्या सोंडेवर आले. वरून पहिला टप्पा, दुसरा, तिसरा. तिथे जंगलात नखाएवढी गोल मोकळी जागा होती आणि मध्ये उंचवटा. त्यावर कचेरीचा सतरा नंबर.

"सापडली," मी म्हटलं. अर्धा तासही लागला नाही. मी इतकी फुशारले होते की दोन टेबलं पलीकडच्या केरळी इंजिनिअरलाही बोलावून दाखवलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, सतरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. त्याच दुपारी त्यांनी अर्ज पाठवला: नंबर सतरा, नातं आई. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या तालुक्यातलं सुकवलेलं टेंभुर्णीच्या जातीचं गोड फळ आणून दिलं, आणि मी ते बक्षिसासारखं खाल्लं.

शुक्रवारी सकाळी माझा वडिलांना व्हिडिओ कॉल असतो. वडील नाशिकला. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी पाऊस पडला की धरणाची पातळी आधी बघतात, मग पेपर. त्यांच्यापुढे मी माझी मर्दुमकी सांगितली. डोंगर, सोंडा, थडगं, सगळं. ते ऐकत होते, चहा पीत होते.

"डावी सोंड म्हणजे कुणाची डावी?" त्यांनी विचारलं.

"कुणाची म्हणजे? डावी, बाबा. डावीकडची."

"अगं पण उभं कुणीकडे तोंड करून राहायचं? धरणाचा डावा कालवा तू धरणाकडे बघत ठरवतेस का? धरणाला पाठ लावायची, पाणी जिकडे चाललंय तिकडे तोंड करायचं, मग तुझा जो डावा हात तो डावा कालवा. नवा पोरगा भरती झाला की पहिल्या दिवशी हेच चुकायचा. त्या माणसाने लिहिलंय ना, समोर पाणी म्हणून? मग तो पाण्याकडे बघत लिहितोय. डोंगर त्याच्या पाठीला आहे."

"पोरीला मी धरणाच्या भिंतीवर उभं करून हेच शिकवलं होतं," असं ते पुढे माझ्या आईला सांगत होते, ते मला ऐकू येत होतं. खरंच शिकवलं होतं. पण कॉलेजात गेल्यावर मी नकाशा शिकले, नकाशाच्या वर उत्तर असते हे शिकले, आणि नकाशाची डावी बाजू म्हणजेच जगाची डावी बाजू असं धरून चालले. साहेबही तेच शिकलेले. दोघं नकाशेवाले एका कागदावर वाकलो आणि दोघंही एकाच खड्ड्यात पडलो. आणि दुसरी गोष्ट तर शाळकरी पोरालाही सुचली असती: दादा जाऊन दोन वर्षं झाली, मग सतरा नंबरचं गवत कापलं कुणी? मला स्वतःचा इतका राग आला की चहा तसाच ओतून दिला.

साहेबांना फोन केला. ते पर्लवर, धक्क्याच्या कडेने सकाळची फेरी मारत होते. मी लॅपटॉप काखेत मारून गाडी काढली. पर्ल म्हणजे समुद्रात भर घालून केलेलं बेट. तिथे माझ्या मुलीपेक्षा फारसं जुनं काही नाही, आणि आम्ही मात्र तिथल्या कॉफीच्या दुकानात बसून एक जुना डोंगर उघडला. मी वडिलांचं म्हणणं सांगितलं. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, पण साहेब आधीच उठले होते. ते दुकानाच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले, समोर काचेतून समुद्र दिसत होता, आणि त्यांनी सावकाश डावा हात बाजूला पसरला. वेटर बघत राहिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्यात डावं-उजवं जो तिथे झोपलाय त्याचं धरतात. चढून येणाऱ्याचं नाही. आजोबा सांगायचे. मला माहीत होतं हे." मग खाली बसून पुन्हा म्हणाले, "मला माहीत होतं."

पूर्वेच्या सोंडेवर मी चित्र नेलं. गच्च जंगल. मोकळी जागा नाही, उंचवटा नाही. आणि कचेरीच्या नकाशात त्या अख्ख्या सोंडेवर एकही ठिपका नव्हता. दोन वर्षं गवत कापलेलं नाही, झाडोरा माजलेला. नंबर देणाऱ्यांना तिथे काही आहे हे दिसलंच नसणार. म्हणजे आई बेवारसांतही नव्हती. तिच्यावरून सरळ खोदयंत्र फिरणार होतं, आणि साहेब तोवर सतरा नंबरच्या परक्या माणसाला नमस्कार करणार होते.

त्यांच्या देशात जुने हवाई फोटो सगळ्यांना बघता येतात. साहेब कोरियन भाषेत बटणं दाबत गेले, मी एकेक वर्ष मागे नेत गेले. तीन वर्षांपूर्वीच्या शरदातला फोटो उघडला, आणि पूर्वेच्या सोंडेवर, वरून तिसऱ्या टप्प्यावर, तिळाएवढा फिकट ठिपका दिसला. त्याच्या आधीच्या वर्षीही होता. त्याच्याही आधी. जितकं मागे जावं तितका तो थोडा मोठा होत गेला आणि भोवतालचं जंगल लहान. दरवर्षी दादा तिथे येऊन गेल्याची ती खूण होती. या वेळी मी "सापडली" म्हटलं नाही. साहेब त्या झाडांकडे बघत म्हणाले, "ही आम्हीच लावली. शाळेतून."

सणासाठी काढलेली रजा त्यांनी अलीकडे ओढली आणि रविवारी गेले. मी त्यांना फोनमध्ये अक्षांश-रेखांश भरून दिले, तीनदा तपासले, आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहूनही दिलं: डोंगराला पाठ. महिना संपायला पाच दिवस होते. सोमवार गेला, मंगळवार गेला. ऑफिसात त्यांच्या खुर्चीकडे बघवेना. मी फोन हातातून सोडत नव्हते. तिथे काही नसेल तर? तो ठिपका एखाद्या कापलेल्या झाडाचा असेल तर? एकदा चूक केलेल्या बाईच्या बोलण्यावर हा माणूस आईला शोधायला गेला होता. मुलीने विचारलं, "आई, आर यू सिक?" मी म्हटलं, "नाही गं, एकाची आई हरवलीय." ती मराठीत म्हणाली, "मग शोध ना." एरवी मी हरखले असते.

बुधवारी, अल थुमामाच्या मीटिंगमधून बाहेर येताना, एक फोटो आला. शब्द नाहीत. जमिनीत रुतलेला पसरट दगड, अर्धा शेवाळाखाली, अर्ध्यावरचं शेवाळ नखाने खरवडलेलं. उघड्या भागात चार अक्षरं. मला ती वाचता येत नव्हती, पण दगडाच्या कडेला साहेबांचं बोट होतं, नखात हिरवा मळ अडकलेलं. मी पार्किंगमध्ये उन्हात उभी राहून रडले.

ते परत आले ते दोन आठवड्यांनी. हाताला कोयत्याचे फोड, मान उन्हाने रापलेली. जेवायला समोर बसले आणि क्रमाने सांगू लागले, जसे ते इतिहास सांगायचे. गावचा म्हातारा मुखिया सोबत आला होता. अंगठ्याएवढी पाइनची झाडं कापावी लागली. उंचवटा जवळजवळ बसला होता, गुडघाभरसुद्धा नव्हता, पण दगडावरची ती चार अक्षरं आईचीच होती. कचेरीतल्या बाईंनी स्वतः येऊन खुंटी ठोकली, आणि सतरा नंबरच्या खऱ्या वारसांचाही अर्ज आलाय, तुमचं काय करायचं या चिंतेत त्या होत्या, म्हणून त्यांनाही हायसं वाटलं. साहेबांनी आधी गवत कापलं. उद्या उघडायचंच होतं, तरी कापलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग दुसऱ्या दिवशी माती काढली. अस्थी एकेक करून हातात घ्यायच्या, ब्रशने झाडायच्या, जाड पांढऱ्या कागदावर डोक्यापासून पायापर्यंत जागच्या जागी मांडायच्या, असा त्यांच्यात रिवाज आहे. ते काम करणारी माणसं मिळतात. साहेबांनी त्यांना बाजूला उभं राहून फक्त सांगायला लावलं. सगळं नीट मांडून झाल्यावर कागद मिटला, दोरीने बांधला, आणि डोंगर उतरून, दादाला जिथे पुरलंय तिथे त्याच्या शेजारच्या नव्या जागेपर्यंत न्यायचं होतं. मुखियाने दुसरी बाजू धरायला हात पुढे केला.

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. मला विचारावं की नाही कळेना, पण माझी खोड तुम्हाला माहीत आहे. मी विचारलं, "मग?"

"हलकी होती," ते म्हणाले. "मी एकट्याने उचलली."